२६ वर्षांचा शिफ्ट इनचार्ज आणि ४८ वर्षांचा ऑपरेटर: फौजेत असलेल्यांनी जरा सांगा

नवा_इनचार्ज, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसतं वाचतोय, आज पहिल्यांदा धागा काढतोय, लांबला तर सांभाळून घ्या.

मी चाकणला एका कंपनीत आहे, ऑटो पार्ट्सचं मशीनिंग. मेकॅनिकल केलं, दोन वर्षं ट्रेनी होतो, आणि दिवाळीनंतर डायरेक्ट शिफ्ट इनचार्ज केलं. हाताखाली १९ माणसं, त्यातले सहा-सात जण माझ्या वडिलांच्या वयाचे. एक काका तर मी बालवाडीत होतो तेव्हापासून टर्निंगवर आहेत.

तीन आठवड्यांपूर्वी एका लॉटमध्ये ११२ पीस रिजेक्ट गेले, सगळ्यांचं बोअर, म्हणजे आतलं भोक, ओव्हरसाइज. वरून फोनवर फोन, माझं डोकं फिरलं आणि मी लाइनवरच, सगळ्यांच्या समोर, त्या काकांना वाट्टेल ते बोललो. अहो-जाहो सोडून अरे-तुरेवर आलो हे मला नंतर दुसऱ्याने सांगितलं, मला तर कळलंही नव्हतं. ते काही बोलले नाहीत, हात पुसले आणि परत मशीनवर.

तेव्हापासून शिफ्ट म्हणजे स्मशान. सगळे 'हो साहेब' म्हणतात, टार्गेटच्या बरोबर एक पीस खाली काढतात, आणि चहाला मी गेलो की बाकडं रिकामं होतं.

माझे मामा मराठा लाइट इन्फंट्रीत होते, ते नेहमी म्हणायचे की माणसं सांभाळायची तर फौजेत बघ. मामा आता नाहीत. म्हणून विचारतोय, इथे कुणी जास्त वर्षं नोकरी केलेले फौजी असतील तर सांगा, तिकडे २२-२३ वर्षांचा पोरगा येऊन केस पिकलेल्या माणसांना ऑर्डर कसा देतो? आणि ते ऐकतात कसे? नुसती शिक्षेची भीती की अजून काही?

मोटिव्हेशनल स्पीकरवाले फॉरवर्ड प्लीज नकोत.

---

पाय_जमिनीवर, रात्री १२:२५

फॉरवर्ड नकोत म्हणालास म्हणून बरं. नाहीतर आत्तापर्यंत सॅम माणेकशॉंचा एप्रिल १९७१ चा किस्सा तीन वेळा आला असता. इंदिरा गांधींना सांगितलं आत्ता लढाई नाही, पावसाळा तोंडावर आहे, तयारीला वेळ द्या, आणि मग डिसेंबरात जिंकून दाखवलं. किस्सा भारी आहे, पण तू माणेकशॉ नाहीस आणि तुझा प्लँट हेड इंदिरा गांधी नाही.

मुद्दा साधा आहे. फौजेत माणूस सोडून जाऊ शकत नाही. ऑर्डर मोडली तर कायदा आहे, कोर्टमार्शल आहे. तुझ्याकडे काय आहे? अर्धी माणसं कॉन्ट्रॅक्टवर, समोरच्या गेटला दोन रुपये जास्त मिळाले की सोमवारी येणार नाहीत. शिवाय तिकडे सगळं गोड असतं असंही नाही, साहेबाच्या घरची भाजी आणायला जवान पाठवायचे हे सगळ्यांना माहितीये. त्यामुळे फौजी लीडरशिप कंपनीत आणणं म्हणजे रणगाडा घेऊन मंडईत जाणं.

माफी माग, पार्टी दे, विषय संपव.

---

पेन्शनर_सुभेदार, सकाळी ६:१०

जय हिंद. २८ वर्षे नोकरी केली, इन्फंट्री, सुभेदार म्हणून घरी आलो, आता कोरेगाव तालुक्यात आलं लावतो. मोबाईलवर टाईप करतोय चुकभूल द्यावी.

पाय_जमिनीवर, तुमचं अर्धं खरं आहे. कायदा आहे, आणि भाजी आणायला लावणारे साहेब पण बघितलेत, नाही म्हणत नाही. पण एक सांगा, डोक्यावर गोळी चाललीय आणि साहेब म्हणतोय पुढं चला, त्या टायमाला कोर्टमार्शल कुणाला आठवतं? आडोसा सोडून माणूस उठतो तो भीतीनं नाही उठत, भीती तर त्याला आडोशातच ठेवती.

आता पोरा तुझं. तू विचारलंस २२ वर्षाचा लेफ्टनंट केस पिकलेल्याला ऑर्डर कसा देतो. पहिली गोष्ट, तो त्याला अरे-तुरे करत नाही. ऑफिसर असला तरी शिपायापासून वर चढलेल्या सुभेदाराला, नायब सुभेदाराला 'साहब' म्हणूनच हाक मारतो. सॅल्यूट सुभेदार मारतो आणि साहब लेफ्टनंट म्हणतो, अशी दोन्हीकडनं गाठ मारलेली असती. नवीन ऑफिसर पलटणीत आला की त्याला डायरेक्ट खुर्ची देत नाहीत, सुरवातीला जवानांबरोबर बराकीत ठेवतात, त्यांच्याबरोबर पीटी, त्यांच्याच लंगरात जेवण. आणि ज्या पलटणीत आला तिथली भाषा शिकायची, पंजाबी असो का मद्रासी, मराठा पलटणीत आला तर मराठी.

यावरनं आठवलं. मी नाईक होतो तेव्हा आम्हाला एक चंदीगडकडचा साहेब आला. मिसरूड नुकतं फुटलेलं. राजस्थानात एक्सरसाईज होती, ३० किलोमीटरचा रूट मार्च, पाठीवर पिठ्ठू, रायफल, सगळं सामान. रात्री मुक्कामाला पोचलो, जो तो जिथं जागा मिळंल तिथं आडवा. हे पोरगं बसलं नाही. टॉर्च घेऊन आलं, प्लाटूनपुढं उकिडवं बसलं आणि मोठ्यानं म्हणालं, "पाय दाबा!"

आम्ही एकमेकांकडं बघतोय. एवढं चालून आलो आणि आता ह्याचे पाय दाबायचे? एक जण तर कुजबुजला, आला बघा नबाब. मग आमच्या हवालदारानं इचारलं साहेब क्या बोला. तर त्याला म्हणायचं होतं पाय दाखवा. फूट इन्स्पेक्शन करायला आला होता! असा काय हशा पिकला, ते पोरगं लाल झालं, पण हाललं नाही. ३० माणसांचे बूट उतरवले, मोजे काढले, एकेकाचा पाय हातात घेऊन बोटांच्या मधी टॉर्च मारून बघितलं. दिवसभर घामात भिजलेला पाय, वास काय असतो तुम्हाला कल्पना नाही. एका शिपायाच्या टाचेचं सालटं गेलं होतं, रक्तानं मोजा चिकटलेला, सांगितलं नव्हतं कारण मागं पाठवतील म्हणून. ते त्याला सापडलं. पाणी घालून घालून मोजा त्यानं स्वतः सोडवला, मग नर्सिंग असिस्टंटला हाक मारली. सगळ्यांचं झालं तेव्हा लंगरात फक्त डाळ उरली होती, ती खाल्ली.

त्यानंतर मार्च असला की मुक्कामाला तो मुद्दाम तेच ओरडायचा, पाय दाबा. सगळी प्लाटून हसत हसत बूट काढायची. दोन वर्षांनी तो बदलून गेला त्या दिवशी आमचा हवालदार गाडीमागं लांबवर चालत गेला होता.

आता एकच प्रश्न विचारतो, खरं सांग. ते ११२ पीस गेले त्याच्या आधी त्या ऑपरेटरनं तुला काय सांगितलं होतं का?

---

करवीर_वाचक, सकाळी ९:०५

सुभेदार साहेब, 'पाय दाबा' वाचून ऑफिसात एकटाच हसलो.

तुमचा शेवटचा प्रश्न मात्र जबरदस्त आहे, त्याला जोडून एका मोठ्या माणसाची गोष्ट सांगतो. माणेकशॉंची गोष्ट सगळ्यांना आवडते कारण त्यांचं ऐकलं गेलं आणि शेवट गोड झाला. मला आमच्या कोल्हापूरच्या लेफ्टनंट जनरल एस. पी. पी. थोरातांची जास्त महत्त्वाची वाटते, कारण त्यांचं ऐकलं नाही.

थोरात १९२६ मध्ये सँडहर्स्टहून कमिशन घेऊन आले, १९६१ ला निवृत्त झाले, म्हणजे पस्तीस वर्षं. जानेवारी १९४५ मध्ये बर्मात कांगॉच्या लढाईत बटालियन नेली, त्याबद्दल डीएसओ हा ब्रिटिशांचा लष्करी सन्मान मिळाला. १९५३-५४ ला कोरियात जी भारतीय कस्टोडियन फोर्स गेली तिचं नेतृत्व त्यांच्याकडे होतं. हे काम काय होतं बघा. मायदेशी परत जायला नकार देणारे २२ हजारांवर चिनी आणि कोरियन युद्धकैदी, त्यांना सांभाळायचं, आणि दक्षिण कोरियाचे अध्यक्ष ऱ्ही भारतीय फौजेला आपल्या जमिनीवर पाय ठेवू द्यायला तयार नाहीत, म्हणून माणसं जहाजावरून हेलिकॉप्टरने थेट निर्लष्करी पट्ट्यात नेऊन उतरवावी लागली. तिथे कैद्यांनी एका भारतीय मेजरला कंपाउंडच्या आत ओढून धरून ठेवलं. बाहेर सशस्त्र जवान, आत खवळलेली गर्दी. गोळीबाराचा हुकूम दिला असता तर कुणी नाव ठेवलं नसतं. थोरात स्वतः आत गेले, बोलले, आणि मेजरला सोडवून आणलं. जनरल होते हो, दुसऱ्या कुणाला पाठवता आलं असतं की.

आता माझा मुद्दा. पुढे ते ईस्टर्न कमांडचे प्रमुख झाले, मुख्यालय तेव्हा लखनौला होतं. ऑक्टोबर १९५९ मध्ये त्यांनी लिहून वर पाठवलं की ईशान्येत चीन आला तर आत्ताच्या बळावर आपण रोखू शकत नाही, अमुक एवढं सैन्य लागेल, पुढच्या चौक्या नुसत्या नावाला आहेत, खरी लढाई मागे कुठल्या रेषेवर द्यायची तेही सांगितलं. नुसतं लिहून थांबले नाहीत, मार्च १९६० मध्ये लखनौला 'लाल किला' नावाचा सराव घेऊन सगळ्यांसमोर मांडून दाखवलं. लष्करप्रमुख थिमय्यांना पटलं, त्यांनी ते पुढे नेलं, संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांनी उगाच घाबरवताय म्हणून बाजूला ठेवलं. थिमय्यांनंतर प्रमुख होण्यासाठी थोरातांचं नाव होतं, तेही झाले नाहीत. २० ऑक्टोबर १९६२ ला चीनने हल्ला केला, पुढे काय झालं ते आपल्याला माहितीच आहे.

ही गोष्ट सहसा 'बिचारे थोरात' म्हणून सांगतात. मी ती दुसऱ्या बाजूने वाचतो. ज्याने ऐकलं नाही त्याला तीन वर्षं आधी कळवलेलं होतं, तेही नकाशा मांडून. नवा_इनचार्ज, मला वाटतं सुभेदार साहेब तुम्हाला हेच विचारतायत.

---

पाय_जमिनीवर, सकाळी ९:३०

थोरातांचं माहीत नव्हतं, थँक्स. पण मग उलट माझाच मुद्दा सिद्ध होतो ना? खरं बोलला त्याला काय मिळालं, घरी बसला. आमच्या कंपन्यांत पण तेच, जो खरं सांगतो त्याचं अप्रेझल जातं.

---

करवीर_वाचक, सकाळी ९:५०

जातं. मी कुठे म्हटलं नाही जात? प्रश्न नवा_इनचार्जने काय करावं हा आहे, आणि या गोष्टीत तो थोरातांच्या खुर्चीत नाहीये, मेनन यांच्या खुर्चीत आहे. :)

बाकी वरच्याने स्वतः पुढे जायचं याचं अजून एक उदाहरण द्यायचं तर जनरल अरुणकुमार वैद्य, आपले अलिबागचे. १९६५ च्या पाकिस्तान युद्धात पंजाबात असल उत्तरला डेक्कन हॉर्स ही रणगाड्यांची रेजिमेंट घेऊन लढले, समोर नवे पॅटन रणगाडे आणि यांच्याकडे दुसऱ्या महायुद्धातले जुने शर्मन, तिथे महावीरचक्र. १९७१ ला ब्रिगेडियर होते, बसंतर नदीच्या लढाईत सुरुंगांच्या पट्ट्यातून काढलेल्या अरुंद वाटेत रणगाडे तुंबून राहायची वेळ आली तेव्हा मागे वायरलेसवर बसून न राहता स्वतः त्या वाटेने पुढे गेले. दुसऱ्यांदा महावीरचक्र. १९४५ ते १९८६ नोकरी, शेवटी लष्करप्रमुख.

---

फौजीची_पोर, दुपारी १:१५

सगळे पलटणीतल्या गोष्टी सांगताय, मी घरातली सांगते.

माझे बाबा ईएमईमध्ये, म्हणजे फौजेच्या गाड्या-यंत्रं दुरुस्त करणाऱ्या विभागात होते, २६ वर्षं, नायब सुभेदार म्हणून रिटायर. लहानपणी आमच्या घरी रविवारी अक्षरशः इन्स्पेक्शन असायचं, चादरीला सुरकुती दिसली की परत घाल. आई म्हणायची तुमची पलटण तिकडे, इथे मी कमांडिंग ऑफिसर. त्यामुळे फौजी पद्धत सगळीकडे चालते असं कृपया कुणी म्हणू नका, दहावीच्या वर्षी मी बाबांशी चार महिने धड बोलत नव्हते.

पण रिटायर झाल्यावरचं सांगते. ५० व्या वर्षी बाबांनी एका आयटी पार्कात सिक्युरिटीत नोकरी धरली. ज्या माणसाने वर्कशॉपमध्ये ४० जणांकडून गाड्या दुरुस्त करून घेतल्या तो गेटवर गाड्यांची डिकी उघडून बघायला लागला. त्यांचा सुपरवायझर २४ वर्षांचा. बाबा त्याला उभं राहून 'साहेब' म्हणायचे आणि मला इतका राग यायचा. एकदा त्या पोराने सगळ्यांच्या देखत बाबांना झापलं, रजिस्टरमध्ये एक नोंद राहिली म्हणून. बाबा घरी आले, जेवले, काही बोलले नाहीत. मी विचारलं तर म्हणाले, "त्याची चूक नाही गं, त्याला कुणी शिकवलंच नाही. आमच्याकडे साहेबाला बिघडायच्या आधी सुभेदार घडवतो, ह्याला सुभेदारच मिळाला नाही."

मग दुसऱ्या दिवशी ड्युटी संपल्यावर त्याच पोराला बाजूला घेऊन रजिस्टर कसं आखायचं ते दाखवलं म्हणे, म्हणजे नोंद राहिली की लगेच डोळ्यात येईल असं. तो पोरगा पुढे माझ्या लग्नाला आला होता. वाढायला होता पंगतीत, आणि बाबांनी दोनदा सांगितलं तेव्हा कुठे जेवायला बसला.

तेव्हा नवा_इनचार्ज, ते काका गप्प बसले ते घाबरून असेलच असं नाही. कदाचित ते वाट बघत असतील.

---

नवा_इनचार्ज, रात्री १०:५५

दिवसभर धागा उघडून बंद करत होतो. सुभेदार काकांच्या प्रश्नाचं उत्तर द्यायला लाज वाटत होती म्हणून उशीर.

हो. सांगितलं होतं. दोन दिवस आधी. चहाच्या वेळी आले आणि म्हणाले साहेब स्पिंडलचा (मशीनच्या फिरत्या दांड्याचा) आवाज बदललाय, बोअरला चॅटरच्या, म्हणजे थरथरीच्या रेघा दिसतायत, बेअरिंग बघून घ्या एकदा. मी लॅपटॉपवरून मान पण वर केली नाही. म्हटलं आधी टार्गेट काढा, मेंटेनन्सला रविवारी सांगू. पहिल्या पोस्टमध्ये हे मुद्दाम लिहिलं नाही असं नाही, पण... मुद्दामच लिहिलं नाही.

आणि वर रिपोर्ट गेला त्यात मी 'ऑपरेटर एरर' लिहिलंय.

---

पेन्शनर_सुभेदार, रात्री ११:२०

हां. मला वाटलंच.

बघ, आमच्याकडं ऑर्डर देऊन झाली की साहेब शेवटी विचारतो, "कोई शक?" सगळे एका आवाजात "नहीं साहब!" मामला खतम. पण हे दोन तऱ्हेनं विचारता येतं. एक साहेब 'कोई शक' म्हणता म्हणता नकाशाची घडी घालतो. म्हणजे शक असला तरी गिळा. ते चंदीगडवालं पोरगं मात्र 'नहीं साहब' झाल्यावर पण तिथंच उभं राहायचं, आणि सगळ्यात जुन्या माणसाच्या तोंडाकडं बघायचं.

एकदा पहाडात रात्री पेट्रोल, म्हणजे गस्तीची तुकडी, जायची होती. सगळे नहीं साहब म्हणाले. त्यानं आमच्या हवालदाराकडं बघितलं. हवालदार थोडं थांबून म्हणाला, साहेब शक आहे, वर पाऊस झालाय, नाल्याला पाणी असणार. नकाशात तिथं चालत जायची वाट दाखवली होती. वरून टाईम बांधून दिलेला, उशीर झाला तर ह्यालाच बोलणार. हा म्हणाला चला साहेब आपण दोघं बघून येऊ. बघून आले, छातीला पाणी लागत होतं. वाट बदलली, वायरलेसवर कळवलं उशीर होईल, जे ऐकायचं ते ऐकून घेतलं. त्यात कुणाचं नाव घेतलं नाही, हवालदारानं सांगितलं म्हणून वगैरे काही नाही. माझा निर्णय, एवढंच.

तर आता तू काय करायचं. पार्टी देऊ नको. पार्टीत माणसं खातात आणि घरी जाऊन हसतात. सगळ्यांच्या समोर बोललास ना, मग सगळ्यांच्या समोरच परत बोल, शिफ्ट चालू व्हायच्या टायमाला, दोन वाक्यात. रडगाणं नको. आणि तो कागद बदल. माफी नाही मागितलीस तरी एकवेळ चालेल, कागद बदललाच पाहिजे, कारण उद्या त्या माणसाचं इन्क्रिमेंट अडकलं तर ते तुझ्या अक्षरामुळं अडकेल.

---

पाय_जमिनीवर, रात्री ११:४५

कागद बदलला तर याचं अप्रेझल गेलं समजा. मी नुसतं प्रॅक्टिकल सांगतोय, कुणी अंगावर येऊ नका.

---

पेन्शनर_सुभेदार, रात्री ११:५२

जाईल की. एक वर्षाचं जाईल. झोपा आता.

---

नवा_इनचार्ज, सहा दिवसांनंतर, रात्री ८:३०

अपडेट देतो म्हणून कुणाला म्हटलं नव्हतं, पण देतो.

सोमवारी फर्स्ट शिफ्टला बोललो. दोन वाक्यं ठरवली होती, चार झाली, आवाज पण फाटला. बोअरचं आधी सांगितलं होतं, मी ऐकलं नाही, चूक माझी, आणि बोललो तेही चूक. कुणी टाळ्या वगैरे वाजवल्या नाहीत. काका मान हलवून मशीनकडे गेले. मला वाटलं फुकट गेलं सगळं.

रिपोर्ट बदलायला क्वालिटीवाल्यांकडे गेलो तर ते म्हणाले क्लोज झालाय, कशाला उकरून काढतोस. मेल टाकला, वरच्यांना सीसी ठेवून. मग केबिनमध्ये बोलावणं आलं, काय काय ऐकलं ते इथे लिहीत नाही. पाय_जमिनीवर, तुमचा अंदाज बरोबर निघणार बहुतेक.

बेअरिंग बदललं. जुनं हातात घेऊन फिरवलं तर वाळू भरल्यासारखं करकरत होतं. काकांनी ते पुसून माझ्या टेबलावर आणून ठेवलं, पेपरवेट म्हणून वापरा म्हणाले. हसून म्हणाले का टोमणा मारला हे अजून कळलेलं नाही.

काल हँडओव्हरच्या वेळी मी विचारलं, अजून काही आहे का? सगळे नाही साहेब. मी लॅपटॉप बंद करून तसाच उभा राहिलो. खूप ऑकवर्ड झालं, दहा-पंधरा सेकंद असतील. मग कोपऱ्यातला एक कॉन्ट्रॅक्टवरचा पोरगा, जो माझ्याशी कधीच बोलला नव्हता, म्हणाला साहेब सेफ्टी शूज एक नंबर लहान मिळालेत, तीन महिने झाले, स्टोअरला सांगून दमलो.

---

पेन्शनर_सुभेदार, रात्री ९:०५

मग? पाय बघितलास का त्याचा?

---

नवा_इनचार्ज, रात्री ९:१२

बघितला. अंगठ्याचं नख काळं पडलंय. आठ नंबर लागतो त्याला, सात दिलाय. उद्या स्वतः स्टोअरमध्ये उभा राहून घेतो.